नाव पेन्सिलीनं, निरीक्षण शाईनं

परवा फोनवर तू विचारलंस, “मावशी, रेशीमकिड्यातला परजीवी नोसेमा नेमका कशात धरायचा गं? तुझ्या जुन्या पुस्तकात तो आदिजीव आहे, आमच्या नव्या टिपणांत बुरशी. गाइडनी विचारलं तर काय सांगू?” मी घाईत होते. “बुरशीकडचा म्हण” एवढं बोलून फोन ठेवला. मग संध्याकाळभर मनाला टोचत राहिलं, की पोरीला आपण अर्धंच उत्तर दिलं. पुढच्या महिन्यापासून तू कोसा बीजगृहात मायक्रोस्कोपशी बसणार, मागून प्रबंधही लिहिणार. मी चौतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि बरेच हंगाम गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या बीजगृहांत टसरचे पतंग तपासण्यात घालवले. त्यातून हाताशी लागलेलं सगळं आज तुझ्या कानावर घालते.

सगळ्यात आधी हे कर. वहीजवळ दोन लेखण्या ठेव, एक शाईची आणि एक पेन्सिल. डोळ्यांना जे दिसलं ते शाईनं लिही: आकार, माप, चमक, हालचाल, कुठल्या किड्याच्या कुठल्या अवयवात, कुठल्या गावी, कुठल्या तारखेला. आणि त्याचं जे नाव तुला वाटतं ते पेन्सिलीनं लिही. नाव खोडावं लागणार आहे. तुझ्या हयातीत दोनदा तरी.

हे मी माझ्या एका चुकीतून शिकले. नोकरीतला दुसराच पावसाळा होता. पतंगाच्या पोटाचा लगदा काचेवर घेतला, लांबट, चमकदार, चार मायक्रॉनांच्या आसपासचे दाणे दिसले, आणि मी वहीत एकच शब्द लिहिला: नोसेमा. त्या दिवशीचे निम्मे अंडीपुंज जाळले गेले. दोन दिवसांनी आमचे वरिष्ठ आले. त्यांनी वही मागितली. वहीत माप नाही, आकृती नाही, दाणे हलत होते की स्थिर होते याची नोंद नाही, फक्त नाव. स्लाइड तोवर वाळून गेली होती. उरलेले पतंग त्यांनी स्वतः तपासले तर ते दाणे यीस्ट निघाले, ओलसर टोपलीत ठेवलेल्या पतंगांवर वाढलेले. काही दाण्यांना बाजूनं कोंब फुटलेले स्पष्ट दिसत होते. मी ते कोंब पाहिलेही असतील, पण नाव मनात आधी बसलं होतं. ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडायला जी ढीवर कुटुंबं थांबली होती त्यांना बीज आठ दिवस उशिरा मिळालं आणि त्यांचं पहिलं पीक हातचं गेलं. ते लोक मला काही बोलले नाहीत. म्हणूनच मला ते अजून विसरता येत नाही.

तेव्हा दाणा दिसला की नाव घेण्याआधी त्याची उलटतपासणी कर. नोसेमाचा बीजाणू लंबगोल, कडा रेखीव, लांबी तीन ते चार मायक्रॉन, रुंदी त्याच्या साधारण निम्मी. फोकस खालीवर केला की तो हिरवट-निळा चमकतो. जागच्या जागी डुलतो, पण पोहत नाही. सगळे दाणे जवळजवळ एकाच मापाचे असतात. ही एक खूण फार मोलाची आहे. चरबीचे थेंब गोल असतात आणि लहानमोठे असतात. सुदान रंग टाकलास की लाल होतात. ग्रासरीच्या विषाणूचे स्फटिक कोनेदार असतात आणि अल्कलीत विरघळतात. पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात पतंग चिरडायची पद्धत आहे, तिचा हा एक फायदा. मस्कर्डाइन बुरशीचे बीजाणू बरेचसे गोल असतात. यीस्टला कोंब येतात. हे सगळं तुला पाठ होईल, पण पाठ झाल्यावरही दर वेळी मोज. आयपीसमधली मोजपट्टी स्टेज मायक्रोमीटरवर जुळवून घेतल्याशिवाय मायक्रॉन लिहू नकोस, आणि लेन्स बदलली की पुन्हा जुळव. ताजे बीजाणू मोज, किमान पन्नास. वाळलेले आणि रंगवलेले बीजाणू आकसतात. त्यांची मापं लिहायची तर तसं स्पष्ट लिही, नाहीतर तुझे आकडे दुसऱ्याच्या ताज्या आकड्यांशी ताडून पाहणारा फसेल.

आणि काही दिसलं नाही तर “नाही” लिहू नकोस. “दिसलं नाही” लिही. परजीवी कोवळ्या अवस्थेत असेल तर पेशीत तो वाढत असतो, बीजाणू अजून झालेलेच नसतात. काही पतंग दोन दिवस उशिरा तपासायची रीत त्यासाठीच आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. त्यासाठी दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे, दक्षिण फ्रान्समध्ये जावं लागेल. १८५३ साली फ्रान्समध्ये सुमारे २ कोटी ६० लाख किलो रेशीमकोष निघाले. १८६५ साली ते ४० लाख किलोंवर आले. किड्यांच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके पडत. त्या भागातल्या बोलीत मिरीला जो शब्द आहे त्यावरून कात्रफाज या निसर्गतज्ज्ञानं रोगाला पेब्रिन नाव दिलं. आजारी किड्यांत चमकदार कण असतात हे इटालियन संशोधकांनी आधीच पाहिलं होतं. १८५७ साली नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्या कणांना नोसेमा बॉम्बिसिस म्हटलं आणि जिवाणू-यीस्टच्या रांगेत, म्हणजे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे बुरशींत बसवलं.

१८६५ मध्ये पाश्चर आलेस गावी गेला. तो रसायनशास्त्रज्ञ, रेशीमकिडा त्यानं कधी हाताळलेला नव्हता. फाब्र या कीटकतज्ज्ञाकडे गेल्यावर त्यानं कोष कानाशी धरून हलवला आणि आत काहीतरी आहे हे त्याला नवलाचं वाटलं, असं फाब्रनंच लिहून ठेवलं आहे. पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. हे कण म्हणजे रोगाचं कारण नव्हे, आजारी शरीराचाच बिघडलेला अंश आहे, असं पाश्चर पहिली दोन वर्षं मानत होता. ते चूक होतं, आणि १८६७ मध्ये त्यानं मत बदललं. पण उपाय त्याच्या आधीच हाती आला होता: प्रत्येक मादी वेगळी ठेवायची, अंडी घालून झाली की ती चिरडून मायक्रोस्कोपखाली बघायची, कण दिसले तर तिची अंडी नष्ट करायची. आरमोरीच्या बीजगृहात बसून तू हेच करणार आहेस. कारणाबद्दल त्याचा समज चुकीचा होता, वर्गीकरणाशी त्याला देणंघेणं नव्हतं, पण “कण असलेल्या मादीची पिल्लं आजारी पडतात” ही नोंद खरी होती. ती शाईची नोंद होती. तिच्यावर रेशीमधंदा वाचला.

नोसेमाच्या नावाचा फेरा मात्र थांबला नाही. १८८२ मध्ये बाल्बियानीनं या जिवांचा वेगळा गट केला, मायक्रोस्पोरिडिया, आणि तो स्पोरोझोआत, म्हणजे प्राण्यांकडच्या एकपेशीय परजीवींत नेऊन ठेवला. बुरशीचा झाला आदिजीव. पुढं जवळजवळ शंभर वर्षं तो तिथंच राहिला, माझ्या बी.एस्सी.च्या पुस्तकातही.

हा स्पोरोझोआ काय प्रकार होता ते नीट समजून घे, कारण तुझ्या विषयातला सगळा घोळ त्या गाठोड्यातून निघाला आहे. १८७९ मध्ये ल्युकार्टनं हा गट केला. बीजाणू करणारे, स्वतःला हालचालीचे अवयव नसलेले, दुसऱ्याच्या अंगात राहणारे एकपेशीय जीव, सगळे आत. गांडुळातला मोनोसिस्टिस, झुरळाच्या आतड्यातले ग्रेगराइन, मलेरियाचा प्लाझ्मोडियम, रेशीमकिड्यातला नोसेमा, माशांतले मिक्सोस्पोरिडिया, शिंपल्यांतले हॅप्लोस्पोरिडिया. यात एक मूळ चूक आहे आणि ती तू कधी करू नयेस असं मला मनापासून वाटतं. परजीवीपणा हा धंदा आहे, ते कूळ नव्हे. पंढरपूरच्या वारीत चालणारे सगळे एका घरचे असतात का? दुसऱ्याच्या पेशीत राहायचं ठरलं की पाय, शेपटी, तोंड लागत नाही. एका यजमानातून दुसऱ्यात जायला टणक कवच लागतं. वेगवेगळ्या कुळांतले जीव त्या वाटेला लागले आणि वरून सारखे दिसू लागले.

१९८० मध्ये लेव्हाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नवी मांडणी केली. गाठोडं सुटलं, एकपेशीय जिवांचे सात संघ झाले आणि त्यांतले एपिकॉम्प्लेक्सा, मायक्रोस्पोरा, असिटोस्पोरा आणि मिक्सोझोआ हे चार मुख्यतः जुन्या स्पोरोझोआच्या गाठोड्यातून निघालेले. मी पोरांना हीच शिकवली. फार सुटसुटीत होती. पण पुढं जनुकं वाचता येऊ लागली तेव्हा कळलं की हे चार संघ एकमेकांचे शेजारीसुद्धा नाहीत. एपिकॉम्प्लेक्साचे नातेवाईक समुद्रातले डायनोफ्लॅजेलेट निघाले. असिटोस्पोरा गेले ऱ्हायझेरियात, कवचवाल्या फोरामिनिफेरांच्या बाजूला. १९५७ मध्ये अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरातल्या कालवांचा ज्यानं फडशा पाडला तो हॅप्लोस्पोरिडियम नेल्सोनी यातलाच. मायक्रोस्पोरा गेले बुरशींकडे. मिक्सोझोआ तर एकपेशीय राहिलेच नाहीत, ते खरे प्राणी निघाले, जेलीफिशच्या गोतातले, परजीवी होऊन झिजत झिजत एवढेसे उरलेले.

१९०१ मध्ये डॉफ्लाइननं मायक्रोस्पोरिडिया आणि मिक्सोस्पोरिडिया एकत्र करून निडोस्पोरिडिया असं नाव दिलं होतं, कारण दोघांच्याही बीजाणूत गुंडाळलेला धागा असतो आणि तो झटक्यात बाहेर पडतो, जेलीफिशच्या डंखपेशीसारखा. मिक्सोझोआतला तो धागा खरोखरच डंखपेशीचा वंशज आहे. मायक्रोस्पोरिडियांची नळी मात्र पूर्णपणे वेगळी, त्यांची स्वतःची. नळी सुटते, यजमानाच्या पेशीत घुसते आणि बीजाणूतला जीव तिच्यातून आत ओतला जातो. एकच खूण, एकाच्या बाबतीत खरं नातं सांगणारी आणि दुसऱ्याच्या बाबतीत दिशाभूल करणारी. म्हणून एका खुणेवर कधीही कूळ ठरवू नकोस, ती कितीही डोळ्यांत भरो.

त्याच गाठोड्यातला आणखी एक मला फार आवडतो. १९२१ मध्ये कीलिननं (हाच पुढं सायटोक्रोममुळे प्रसिद्ध झाला) एका चिलटाच्या अळीत एक परजीवी पाहिला. बीजाणूत तीन पेशी आणि त्यांच्याभोवती मळसूत्रासारखी गुंडाळलेली एक लांब पेशी. त्यानं नाव दिलं हेलिकोस्पोरिडियम. कूडोनं त्याला निडोस्पोरिडियांत जागा दिली. कुणी बुरशी म्हटलं. आणि २००० नंतर जनुकं वाचली तेव्हा तो निघाला हिरवं शैवाल! हिरवा रंग गमावलेलं, किड्याच्या रक्तात वाढणारं शैवाल. पण कीलिनच्या आकृत्या आजही बरोबर आहेत. तुझ्या टेबलावर असा जीव आला तर तो तू त्याच्या आकृतीवरूनच ओळखशील.

आता नोसेमाचं शेवटचं वळण. १९८३ मध्ये कॅव्हेलियर-स्मिथ यांनी मांडलं की मायक्रोस्पोरिडियांत मायटोकाँड्रिया नाहीत, तेव्हा ते मायटोकाँड्रिया येण्याच्या आधीच्या काळातले अतिप्राचीन जीव असावेत. १९८७ मध्ये रायबोसोमच्या आरएनएचा क्रम वाचला गेला तर तोही इतका वेगळा दिसला की सगळ्यांना ते पटलं. मीही वर्गात मोठ्या उत्साहानं सांगितलं. दहा वर्षांतच ते फिरलं. १९९६ मध्ये ट्यूब्युलिनच्या जनुकांनी बुरशीकडे बोट दाखवलं. मग मायटोकाँड्रियाशी संबंधित जनुक त्यांच्या केंद्रकात सापडलं, आणि २००२ मध्ये मायटोकाँड्रियाचा झिजून उरलेला अवशेषही पेशीत दिसला. ते प्राचीन नव्हते. त्यांनी घरातलं सामान टाकून दिलं होतं. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा सशासारख्या प्राण्यांत आणि माणसातही सापडणारा त्यांचा भाऊबंद. २००१ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम वाचला तर २९ लाख अक्षरं आणि जेमतेम दोन हजार जनुकं. कित्येक जिवाणूंचा जीनोम याहून मोठा असतो.

मग आरएनएनं फसवलं का? ज्याचे क्रम झपाट्यानं बदलतात तो आपल्याच गोतापासून फार दूरचा वाटतो आणि झाडाच्या बुडाशी जाऊन बसतो. तंजावरकडच्या मराठी घरांतली बोली पहिल्यांदा ऐकणाऱ्याला शब्द इतके अनोळखी वाटतात की ही मराठी आहे हे पटत नाही. पण क्रियापदांची ठेवण, नात्याची नावं बघत गेलं की घर सापडतं. तसंच एक जनुक घेऊन झाड काढू नकोस. अनेक घे, आणि कुठलं वेगानं बदलतं ते आधी तपास.

तेव्हा गाइडना हे सांग: मायक्रोस्पोरिडिया आज बुरशींच्या बुडाशी, रोझेलासारख्या परजीवींच्या शेजारी ठेवतात. आणि पुढं हेही सांग, की तरी त्यांची नावं प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांनीच द्यायची. २०११ च्या मेलबर्न परिषदेनंतरच्या शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या संहितेत मायक्रोस्पोरिडिया मुद्दाम वगळले आहेत, कारण शे-सव्वाशे वर्षांची सगळी नावं प्राण्यांच्या संहितेप्रमाणे पडलेली होती. ती उलथली तर गोंधळ झाला असता. कूळ एकीकडे, नामकरण दुसरीकडे, लग्न झालेल्या मुलीसारखं. नवी जाती जाहीर करताना हे चुकलं तर तुझं नावच ग्राह्य धरलं जाणार नाही, म्हणून इतकं आवर्जून सांगतेय.

नव्या जातीचा विषय निघालाच आहे तर थोडं कडक बोलते. नव्या यजमानात सापडला म्हणून नवी जाती, हा मोह टाळ. आपल्याकडे ग्रेगराइनांच्या बाबतीत हे फार झालं असं माझं स्पष्ट मत आहे. नाकतोडा वेगळा, की जाती वेगळी. पाच-सहा परजीवी मोजले, की लेख तयार. आणि उलटी चूकही होते: एकाच जिवाच्या दोन अवस्थांना दोन नावं. लष्करी अळीतल्या मायक्रोस्पोरिडियाची कथा लक्षात ठेव. १९६५ मध्ये क्रेमरनं एकाच अळीच्या जातीतून दोन जाती वर्णिल्या. एकीचे बीजाणू सुटे आणि जोडकेंद्रकी, ती नोसेमात. दुसरीचे बीजाणू एका पिशवीत आठ-आठ, ती थेलोहानियात. १९७६ मध्ये पिलीनं दाखवलं की हा एकच जीव आहे, दोन तऱ्हेचे बीजाणू करणारा. तापमान कमी असलं की आठाच्या पिशव्या जास्त दिसतात. तीच व्हेरिमॉर्फा नेकॅट्रिक्स. तुझ्या वहीत खोलीचं तापमान आहे का? नसेल तर उद्यापासून लिही.

डासांतल्या अँब्लिओस्पोराचं तर याहून अवघड. डासाच्या अळीतले बीजाणू दुसऱ्या डासाला लागतच नाहीत. वर्षानुवर्षं लोक प्रयत्न करून थकले. १९८५ मध्ये उलगडलं की मधे त्याच डबक्यातला कोपेपॉड हा चिमुकला कवचधारी लागतो. आणि मिक्सोझोआत तर दोन वर्गच एकात विरघळले. ट्यूबिफेक्स या चिखलातल्या किड्यात सापडणाऱ्यांना अ‍ॅक्टिनोस्पोरिया म्हणत, माशांतल्यांना मिक्सोस्पोरिया. १९८४ मध्ये वोल्फ आणि मार्किव्ह यांनी दाखवलं की ट्राउट माशाला गरगर फिरवणारा मिक्सोबोलस आणि किड्यातला तो दुसरा, दोन्ही एकच. यातून तुझ्यापुरतं एवढं घे: यजमानाच्या आसपास कोण राहतं तेही लिहून ठेव. डबक्याचा नमुना घेतलास तर डबक्यातल्या सगळ्यांची यादी कर, तुला हवं आहे फक्त त्याचीच नव्हे.

ग्रेगराइनांवर मी एवढी रागावले, पण हात बसवायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. सुरुवात त्यांच्यापासून कर. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातलं झुरळ घे, मधलं आतडं अर्धा टक्का मिठाच्या पाण्यात उघड. दोन दोन जोडून आगगाडीच्या डब्यांसारखे सरकणारे पांढरे जीव साध्या लो पॉवरखाली दिसतील. पुढचा कोण, मागचा कोण, डोक्याकडचा कप्पा एकूण लांबीच्या किती पट, त्याची रुंदी मागच्या कप्प्याच्या किती पट, ही गुणोत्तरं काढ. लांबी वयानं बदलते, गुणोत्तरं कमी बदलतात. विष्ठेतले गोल गॅमेटोसिस्ट उचलून ओल्या पेट्रीडिशमध्ये ठेव आणि एक-दोन दिवस थांब. त्यांतून नळ्या फुटतात आणि पिंपाच्या आकाराचे बीजाणू माळेसारखे ओळीनं बाहेर येतात. मी पन्नासदा तरी पाहिलं असेल, तरी प्रत्येक वेळी खुर्ची सोडवत नाही. गांडूळ उघडशील तर फेरेटिमाच्या अकराव्या-बाराव्या खंडातल्या शुक्राशयिकांत मोनोसिस्टिस शोध, नावेच्या आकाराचे बीजाणू, प्रत्येकात आठ जीव. आणि भाटियांचा १९३८ चा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतला स्पोरोझोआवरचा ग्रंथ मिळव. त्यातलं वर्गीकरण आज मोडीत निघालं आहे. वर्णनं वापरता येतात.

महाबळेश्वरकडे कधी गेलीस तर सातेरी माशा तपास. मधमाशीचा नोसेमा एपिस १९०९ पासून माहीत होता. १९९६ मध्ये चीनमधल्या सातेरीत दुसरा सापडला, नोसेमा सेराने. बीजाणू जरा लहान, आणि आतल्या नळीचे वेढे वीस ते तेवीस, एपिसमध्ये तिसाच्या वर. दहा वर्षांत तोच युरोपीय माशांत स्पेनमध्ये आढळला. २०२० मध्ये दोघांचीही प्रजाती बदलून व्हेरिमॉर्फा केली गेली. जुने लेख शोधताना दोन्ही नावांनी शोध, आणि स्वतः लिहिताना पहिल्यांदा दोन्ही दे. टोळांवर वापरतात तो नोसेमा लोकस्टीही आता कुणाकडे पॅरानोसेमा, कुणाकडे अँटोनोस्पोरा आहे. यावर वैतागू नकोस. पेटीवाल्याला माशी का मरते ते सांगायचं असतं, त्याला नाव कुठलंही चालतं. पण दहा वर्षांनी तुझी नोंद शोधणाऱ्याला ते सापडलं पाहिजे.

नमुना जपण्याबद्दल. प्रत्येक रोगट किड्याचे तीन भाग कर. एकातून स्लाइड, मेथॅनॉलमध्ये घट्ट करून गीम्सानं रंगवलेली. केंद्रक एकेरी की जोडीनं ते तिच्यातच कळतं. दुसरा ग्लुटराल्डिहाइडमध्ये, नळीचे वेढे मोजायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागेल तेव्हासाठी. तिसरा निखळ अल्कोहोलमध्ये, जनुकांसाठी. फॉर्मलिनमध्ये सगळं बुडवून ठेवायची आमच्या पिढीची सवय होती. त्या बरण्यांतून आज डीएनए धड निघत नाही, आणि माझे विदर्भातले कितीतरी नमुने त्यामुळे तुला उपयोगी पडणार नाहीत. याचं मला वाईट वाटतं. डीएनए काढलास तरी त्याच किड्याची स्लाइड जवळ हवीच. आतड्यात एकाच वेळी ग्रेगराइन, फ्लॅजेलेट आणि मायक्रोस्पोरिडिया नांदतात, आणि यंत्रातून आलेला क्रम नेमका कुणाचा हे स्लाइडशिवाय सांगता येत नाही. नवी जाती केलीस तर नमुना-स्लाइड कपाटात ठेवून घेऊ नकोस, भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे दे. त्यांचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. खाजगी कपाटातल्या स्लाइड निवृत्तीनंतर रद्दीत जातात, मी पाहिलं आहे.

लेबलावर यजमानाचं पूर्ण नाव लिही. “रेशीमकिडा” पुरत नाही, तुतीचा की टसरचा, आणि टसरचा तर ऐनावरचा की अर्जुनावरचा. गाव लिही, नुसता जिल्हा नको. मायक्रोस्पोरिडियम हे एक नाव तुझ्यासाठी मोकळं आहे. प्रजाती ठरत नाही तोवर ज्यात ठेवता येतं असं ते सामूहिक नाव आहे. ते वापरायला लाज वाटू देऊ नकोस. न ठरलेल्याला न ठरलेलं म्हणणं ही तुझ्या कामातली सगळ्यात प्रामाणिक नोंद असेल.

माझ्याकडे तीन लाकडी पेट्या आहेत. दोन ठीक आहेत. तिसरीतल्या स्लाइडवरची लेबलं मी त्या काळी साध्या पेनानं लिहिली होती, ती आता फिकी पडत चालली आहेत. त्यात ऐनावरच्या टसरच्या चाळीसेक स्लाइड आहेत. दिवाळीला येशील तेव्हा फराळ नंतर, आधी माझ्या शेजारी बसून ती लेबलं उतरवून घे. मला अजून वाचता येतात तोवर.